मायकोरायझा बुरशीवर पॉलिअमिन इनहिबिटर वापरायचेत? मग प्लेट लावण्याच्या आधीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं इथे वाचा

दरवर्षी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची दोन-तीन मुलं तरी हा प्रश्न घेऊन येतातच, की आम्ही डीएफएमओ (पॉलिअमिन बनणं अडवणारं औषध, म्हणजे इनहिबिटर) टाकला, बुरशीची वाढ कमी झाली, म्हणजे पॉलिअमिन कमी झाले ना? आणि मला दरवेळी तेच सांगावं लागतं की बाबांनो, वाढ कमी झाली एवढंच तुम्ही पाहिलंय, पॉलिअमिनचं काय झालं ते तुम्ही मोजलेलंच नाहीये. या दोन गोष्टींच्या मधलं अंतर कसं भरून काढायचं त्याचाच हा लेख आहे. लांब आहे, पण मी स्वतः हे काम शिकत होते तेव्हा असं कुणीतरी मराठीत बसून सांगितलं असतं तर माझं निदान एक अख्खं वर्ष वाचलं असतं, म्हणून सगळं लिहितेय.

आधी थोडक्यात पाया. पॉलिअमिन म्हणजे छोटे, धन प्रभार असलेले रेणू: पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन. डीएनए-आरएनएला चिकटतात, रायबोसोमला लागतात, आणि स्पर्मिडिनचा एक तुकडा तर ईआयएफ-५ए नावाच्या प्रोटीनवर चढवला जातो, ज्याच्याशिवाय प्रोटीन बनवण्याचं काम नीट चालतच नाही. म्हणून स्पर्मिडिन पूर्ण बंद केलं तर पेशी वाढूच शकत नाही.

हे बनतात कसे? ऑर्निथिनपासून ओडीसी, म्हणजे ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज हे एन्झाईम पुट्रेसिन बनवतं. दुसरीकडे एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिनवर सॅमडीसी हे एन्झाईम काम करतं आणि त्यातून एक छोटा तुकडा मिळतो, जो स्पर्मिडिन सिंथेज पुट्रेसिनला जोडतं आणि स्पर्मिडिन तयार होतं. झाडांकडे आणखी एक वाट असते, आर्जिनिनपासून एडीसी एन्झाईमने अ‍ॅग्मटिन आणि तिथून पुट्रेसिन. बहुतेक बुरशींकडे ही वाट नसते, त्यांचा सगळा भार ओडीसीवर. आणि नेमक्या याच फरकावर १९८५ मध्ये येलला राजम, वाइनस्टाइन आणि गॅल्स्टन यांनी दाखवलं की ओडीसी बंद करणारा डीएफएमओ फवारला तर बीनच्या रोपांना तांबेरा लागत नाही, रोप मात्र ठणठणीत राहतं, कारण रोपाकडे दुसरी वाट आहे आणि बुरशीकडे नाही. तेव्हापासून हे इनहिबिटर बुरशीनाशक म्हणून वापरता येतील का यावर बरंच काम झालं.

आता इथे मायकोरायझाचा, म्हणजे झाडाच्या मुळांशी जोडी करून राहणाऱ्या बुरशीचा, प्रश्न येतो. तांबेऱ्याची बुरशी मारायची म्हणून आपण ओडीसी बंद करणारं औषध फवारलं आणि ते मातीत उतरलं, तर मुळांशी मैत्री करून राहणाऱ्या चांगल्या बुरशीचं काय होणार, तिच्याकडे तरी दुसरी वाट कुठे आहे? स्कॉटलंडमध्ये डेल वॉल्टर्स यांच्या गटाने नव्वदच्या दशकात लॅकेरिया आणि पॅक्सिलस या मायकोरायझा बुरशींवर हेच तपासायला घेतलं होतं. मला हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे, जिथे डाळिंब-द्राक्षाच्या बागेत मायकोरायझाची पुडी टाकणं नेहमीचं झालंय, तिथे तर जास्तच.

बुरशी कुठली घ्यायची

इथेच पहिली चूक होते. दुकानात मिळणारी मायकोरायझाची पुडी असते ती आर्बस्क्युलर प्रकारची, ग्लोमसच्या कुळातली. ती बुरशी मुळाशिवाय एकटी वाढतच नाही. तिला प्लेटवर वाढवायचं तर गाजराच्या ट्रान्सफॉर्म केलेल्या मुळांबरोबर वाढवावं लागतं, आणि मग इनहिबिटर टाकला की तो बुरशीला लागतो तसा गाजराच्या मुळालाही लागतो, आणि कुणाचं काय बिघडलं ते वेगळं काढता काढता प्रोजेक्टची मुदत संपते. बीजाणू उगवण्याचा प्रयोग तिच्यावर करता येतो, तो चांगलाही आहे, पण एन्झाईम मोजण्याइतका माल त्यातून मिळत नाही.

म्हणून पहिल्यांदा करताय तर एक्टोमायकोरायझा घ्या, म्हणजे मुळाच्या टोकावर बाहेरून आवरण चढवणारी, प्लेटवर एकटी वाढणारी बुरशी. लॅकेरिया किंवा पॅक्सिलस मिळाली तर उत्तम. आपल्याकडे निलगिरीच्या झाडाखाली पावसाळ्यात तपकिरी गोळे उगवतात ती पिसोलिथस, ती सुद्धा प्लेटवर वाढते. पण जंगलातून आणलेल्या गोळ्यापासून कल्चर काढायला गेलात तर बॅक्टेरियाने हैराण व्हाल, अगदी कोवळा, आतून अजून पावडर न झालेला गोळा मिळाला तरच प्रयत्न करा. त्यापेक्षा पुण्यात आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथे आधी चौकशी करा आणि नंबर असलेलं कल्चर घ्या, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर नक्की कुठली बुरशी होती ते सांगता येतं. पिसोलिथस घेतली तर एक लक्षात ठेवा, ती माध्यमात तपकिरी रंग सोडते, आणि तो रंग पुढे फ्लुरोसन्स मोजताना त्रास देतो, त्यामुळे तिचा ब्लँक वेगळा ठेवावाच लागतो.

माध्यम, आणि त्यातलं माल्ट

सगळे एमएमएन वापरतात, म्हणजे मॉडिफाइड मेलिन-नॉर्क्रन्स. एक लिटरला कॅल्शियम क्लोराइड ०.०५ ग्रॅम, मीठ ०.०२५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५, डायअमोनियम फॉस्फेट ०.२५, मॅग्नेशियम सल्फेट ०.१५, फेरिक क्लोराइडचं १ टक्का द्रावण १.२ मिली, थायमिन १०० मायक्रोग्रॅम, ग्लुकोज १० ग्रॅम, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, आणि पीएच ५.५ च्या आसपास.

यातलं माल्ट एक्स्ट्रॅक्ट काढून टाका. माल्ट म्हणजे मोड आलेल्या बार्लीचा अर्क, आणि मोड आलेल्या धान्यात पॉलिअमिन भरपूर असतात. तुम्ही एका हाताने बुरशीचं पॉलिअमिन बनवणं बंद करताय आणि दुसऱ्या हाताने तेच तिला खायला देताय, मग इनहिबिटरचा परिणाम दिसणार कुठून! मी पहिले चार महिने हीच चूक करत होते, डीएफएमओ ५ मिलिमोलारपर्यंत नेला तरी वाढ तशीच, आणि मी औषधाच्या बाटलीवर संशय घेत बसले होते. माल्ट काढल्यावर त्याच बाटलीने काम केलं. माल्ट नसलं की वाढ हळू होते, ते चालतं, आठवडाभर जास्त थांबा.

आणि फक्त प्रयोगाच्या प्लेटमधून माल्ट काढून भागत नाही. ज्या प्लेटवरून तुम्ही प्लग, म्हणजे बुरशीसकट अगारचा छोटा तुकडा, कापणार ती सुद्धा माल्ट नसलेलीच हवी, आणि तशा प्लेटवर बुरशी निदान दोनदा पुढे वाढवून घ्यायची, कारण जुन्या मायसेलियममध्ये, म्हणजे बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यात, पॉलिअमिनचा साठा असतो. बुरशीच्या व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, पॉलिफॉस्फेट असतं आणि त्याला पॉलिअमिन चिकटून बसलेले असतात, न्यूरोस्पोरा या बुरशीवर रोलंड डेव्हिस यांनी यावर फार सुंदर काम केलंय. मायकोरायझा बुरशी तर पॉलिफॉस्फेट साठवण्यासाठी प्रसिद्धच. तो साठा वाढीबरोबर वाटला जाऊन पातळ व्हायला वेळ लागतो, म्हणूनच इनहिबिटरचा परिणाम तिसऱ्या दिवशी दिसत नाही आणि मुलं घाबरून मात्रा वाढवतात.

इनहिबिटर कुठले, किती, कसे विरघळवायचे

तीन घ्या, तीन वेगवेगळ्या जागी घाव घालणारे. एकाच औषधावर आख्खा प्रोजेक्ट उभा करू नका.

पहिला डीएफएमओ. हा ओडीसीला आतून जाऊन कायमचा चिकटतो, एन्झाईम त्याला ऑर्निथिन समजून पकडतं आणि त्यातच स्वतः निकामी होतं. औषधशास्त्रात याचं नाव एफ्लोर्निथिन, आफ्रिकेतल्या स्लीपिंग सिकनेसवर हे औषध म्हणून १९९० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. बाटलीवर हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट असेल तर रेणूभार २३६.६५. म्हणजे १०० मिलिमोलारचा १० मिली स्टॉक करायला २३७ मिलिग्रॅम. पाण्यात छान विरघळतो. त्यातला १ मिली ९९ मिली माध्यमात टाकला की झाला १ मिलिमोलार. मात्रा ०.१, ०.५, १ आणि ५ मिलिमोलार ठेवा. बुरशीच्या पेशीत हा सहज शिरत नाही, त्यामुळे प्राण्यांच्या पेशींवरच्या पेपरातली मात्रा बघून इथे उचलू नका.

दुसरा एमजीबीजी. हा सॅमडीसीला अडवतो, पण कायमचा नाही, स्पर्धा करून. डायहायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट असेल तर रेणूभार २७५.१, म्हणजे १० मिलिमोलारच्या १० मिली स्टॉकला २७.५ मिलिग्रॅम. पण बाटलीवर जो रेणूभार छापलाय तोच घ्या, पाण्याच्या रेणूंचा हिशोब प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. मात्रा ०.०५ ते १ मिलिमोलार. याची अडचण ही की हा मायटोकॉन्ड्रियाही बिघडवतो. त्यामुळे एमजीबीजीने वाढ थांबली तर तो परिणाम पॉलिअमिनमुळेच झाला असं लगेच म्हणता येत नाही. त्याचा उपाय पुढे आहे.

तिसरा सायक्लोहेक्झिलअमिन, स्पर्मिडिन सिंथेजवर. हा द्रव असतो, वास उग्र, कातडीला लागला तर भाजतो, पेट घेतो, म्हणून फ्यूम हूडमध्येच उघडायचा. रेणूभार ९९.१७, घनता ०.८६७, म्हणजे १ मिलिमोलारच्या एका लिटरला साधारण ११४ मायक्रोलिटर. महत्त्वाचं म्हणजे हा अल्कली आहे. सरळ माध्यमात टाकला तर पीएच वर चढतो आणि ५.५ ला सुखात असलेली बुरशी निव्वळ त्या पीएचमुळेच वाढायची थांबते, आणि तुम्ही लिहिता की स्पर्मिडिन सिंथेज बंद झालं! आधी पाण्यात मिसळून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ५.५ ला आणा, मगच स्टॉक म्हणून वापरा. मात्रा ०.५, १, ५ मिलिमोलार.

सायक्लोहेक्झिलअमिनबद्दल एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. बेसिडिओमायसीट बुरशींमध्ये, म्हणजे आपल्या पिसोलिथस, लॅकेरिया सगळ्यांच्या गटात, स्पर्मिडिन सिंथेजचं जीन एकटं नसतं, ते लायसिन बनवणाऱ्या सॅकरोपिन डीहायड्रोजिनेजच्या जीनला जोडलेलं असतं, दोन्ही मिळून एकच लांब प्रोटीन. क्रिप्टोकॉकस आणि उस्टिलागोमध्ये हे आधी दाखवलं गेलं. त्यामुळे सायक्लोहेक्झिलअमिनची एक प्लेट लायसिन घालूनही लावा. लायसिनने वाढ परत आली तर समजायचं की तुम्ही दुसऱ्याच गोष्टीला हात लावलाय.

काही जण डीएफएमए पण मागवतात, एडीसी अडवणारा. झाडांमध्ये दिसलंय की आर्जिनेज एन्झाईम डीएफएमएचं रूपांतर डीएफएमओमध्ये करू शकतं. मग डीएफएमएने वाढ कमी झाली म्हणून बुरशीत एडीसी आहे असं लिहिणं चूक ठरतं. पैसे असतील तर घ्या, पण त्यावर दावा उभा करू नका.

सगळे स्टॉक ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचे आणि माध्यम ५० अंशांपर्यंत निवल्यावर मिसळायचे. ऑटोक्लेव्ह नाही. कंट्रोल प्लेटमध्ये तेवढंच गाळलेलं पाणी.

प्लेट लावणं

अगारवर सेलोफेन पसरा, म्हणजे नंतर मायसेलियम अगारशिवाय उचलता येतं. सेलोफेन आधी पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, मग ऑटोक्लेव्ह करून घ्या, कारण त्यावर मऊपणासाठी लावलेली रसायनं असतात. ५-६ मिलिमीटरचा प्लग कॉलनीच्या कडेवरून कापा, मधून नाही, कडेचं मायसेलियम तरुण असतं. २५ अंश, अंधार, दोन ते तीन आठवडे. प्रत्येक मात्रेला निदान सहा प्लेट, आणि आख्खा प्रयोग दोनदा. एका प्लेटवर दोन प्लग ठेवून त्यांना दोन रेप्लिकेट म्हणायचं नाही, माध्यम एकच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची प्लेट, जी दहातले आठ जण लावत नाहीत. इनहिबिटर अधिक पुट्रेसिन, इनहिबिटर अधिक स्पर्मिडिन, आणि नुसतं पुट्रेसिन, नुसतं स्पर्मिडिन, प्रत्येकी ०.१ आणि १ मिलिमोलार. डीएफएमओने थांबलेली वाढ पुट्रेसिन दिल्यावर परत आली तर तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता की परिणाम पॉलिअमिन कमी झाल्यामुळेच होता. एमजीबीजीचा परिणाम पुट्रेसिनने भरून निघायला नको, स्पर्मिडिनने निघायला हवा. कशानेच निघाला नाही तर मायटोकॉन्ड्रियाकडे बघा. नुसत्या स्पर्मिडिनच्या प्लेटवर जर वाढ कमी दिसली तर तुमची स्पर्मिडिनची मात्राच विषारी आहे, ती खाली आणा.

वाढ मोजताना दोन काटकोनातले व्यास घ्या, पण त्यावर थांबू नका. इनहिबिटर दिलेली बुरशी कधी कधी विरळ होऊन लांब पसरते, व्यास कंट्रोलइतकाच दिसतो आणि वजन अर्धं असतं. सुकं वजन घ्याच. शेवटी माध्यमाचा पीएच पण तपासा, अमोनियम खाणारी बुरशी माध्यम आंबट करते आणि कमी वाढलेली बुरशी कमी आंबट करते, हा फरक नोंदवून ठेवा.

पॉलिअमिन काढणं आणि मोजणं

मायसेलियम उचला, टिपकागदाने पाणी टिपा, पटकन वजन करा आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाका. एक छोटा भाग वेगळा सुकवायला ठेवा, कारण इनहिबिटरने पाण्याचं प्रमाण बदलतं आणि ओल्या वजनावर काढलेले आकडे फसवतात. आकडे शेवटी सुक्या वजनावरच द्या.

२०० मिलिग्रॅम मायसेलियम २ मिली थंड ५ टक्के परक्लोरिक आम्लात खलबत्त्यात वाटा, आणि वाटतानाच १,७-डायअमिनोहेप्टेन ठराविक मात्रेत टाका. हे आपलं आतलं माप, पुढच्या सगळ्या पायऱ्यांत जे गळेल ते याच्याबरोबर गळेल आणि शेवटी हिशोब जुळवता येईल. एक तास बर्फात ठेवा, मग सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी म्हणजे मुक्त पॉलिअमिन. काचेच्या नळ्या टाळा, पॉलिअमिन काचेला चिकटतात, पॉलिप्रोपिलिनच्या घ्या. पॉलिस्टायरिनच्या मात्र नको, पुढे टोल्युइन येतंय आणि त्यात ती विरघळते.

डॅन्सिलेशन, म्हणजे पॉलिअमिन यूव्हीखाली चमकून दिसावेत म्हणून त्यांना डॅन्सिल क्लोराइड जोडणं, असं: २०० मायक्रोलिटर अर्क, २०० मायक्रोलिटर संपृक्त सोडियम कार्बोनेट, ४०० मायक्रोलिटर डॅन्सिल क्लोराइड, अ‍ॅसिटोनमध्ये ५ मिलिग्रॅम प्रति मिली, ताजं केलेलं. कार्बोनेट टाकलं की फसफसतं, झाकण लगेच घट्ट लावू नका, उडतं आणि नमुना छतावर जातो. पोटॅशियम कार्बोनेट वापरायचं नाही, पोटॅशियम परक्लोरेटचा साका बसतो. रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी १०० मायक्रोलिटर प्रोलिन, १०० मिलिग्रॅम प्रति मिली, अर्धा तास, म्हणजे उरलेलं डॅन्सिल क्लोराइड त्याला लागून जातं. मग ५०० मायक्रोलिटर टोल्युइन, जोरात हलवा, वरचा थर घ्या.

एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र, असेल तर सरळ तिकडे जा. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, टीएलसीवर, म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर रेणू वेगळे करून, सुंदर काम होतं. सिलिका प्लेट, सायक्लोहेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट ५ ला ४. यूव्हीखाली ठिपके दिसतात, पेन्सिलीने खुणा करा, खरवडा, इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये उतरवा आणि ३५० नॅनोमीटरला उत्तेजित करून ४९५ ला मोजा. प्रत्येक प्लेटवर स्टँडर्ड हवेतच, कालच्या प्लेटचे आज चालत नाहीत.

ही मुक्त पॉलिअमिनची गोष्ट झाली. बांधलेले, म्हणजे दुसऱ्या रेणूंना जोडलेले, मोजायचे तर अर्क आणि तळाचा साका वेगवेगळे घेऊन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना १८ तास सीलबंद नळीत ठेवावे लागतात. वेळ असेल तर करा, कारण कधी कधी मुक्त पुट्रेसिन कमी झालेलं दिसतं आणि ते खरं तर बांधलेल्या रूपात जाऊन बसलेलं असतं.

आणखी एक. बहुतेक तंतुमय बुरशींमध्ये स्पर्मिन जवळजवळ नसतंच. तुमच्या नमुन्यात स्पर्मिनचा मोठा पीक आला तर आनंदाने लिहून टाकण्याआधी माध्यम तपासा, माल्ट कुठून तरी आलंय का बघा, आणि स्टँडर्ड मिसळून पीक खरंच त्याच जागी वाढतोय का ते पाहा.

एन्झाईम मोजणं

पेशी द्रव नायट्रोजनमध्ये वाटून ट्रिस बफर, पीएच ८ च्या आसपास, त्यात डीटीटी ५ मिलिमोलार, ईडीटीए, पायरिडॉक्सल फॉस्फेट ५० मायक्रोमोलार आणि पीएमएसएफ. पिसोलिथस असेल तर पीव्हीपीपी पण, रंगद्रव्यं धरून ठेवायला. सगळं बर्फावर, आणि त्याच दिवशी. ओडीसी हे फार लवकर मरणारं एन्झाईम आहे, उद्या मोजू म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलं तर उद्या हाती काही लागेलच असं नाही.

अर्क जी-२५ च्या कॉलममधून काढा, तो लहान रेणू एन्झाईमपासून वेगळे करतो. दोन कारणं. एक, मायकोरायझा बुरशीत आर्जिनिन आणि ऑर्निथिन भरपूर साठलेलं असतं, ते राहिलं तर तुम्ही दिलेलं किरणोत्सारी ऑर्निथिन पातळ होतं आणि आकडा कमी येतो. दुसरं, एमजीबीजी निघून जायला हवा. आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते, जी बघून मुलं प्रयोग फसला म्हणून रडकुंडीला येतात. एमजीबीजी दिलेल्या बुरशीत सॅमडीसीची अ‍ॅक्टिव्हिटी कंट्रोलपेक्षा *जास्त* येते. फसलेलं नाहीये काही! एमजीबीजी एन्झाईमला चिकटून त्याला तुटण्यापासून वाचवतो, पेशी पण स्पर्मिडिन कमी पडलं म्हणून जास्त एन्झाईम बनवते, आणि कॉलमने औषध काढून टाकलं की ते सगळं साठलेलं एन्झाईम टेस्टट्यूबमध्ये कामाला लागतं. पेशीच्या आत मात्र ते अडकलेलंच होतं. डीएफएमओचं तसं नाही, तो कायमचा चिकटतो, कॉलमनंतरही ओडीसी कमीच दिसते.

मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे पहिल्या कार्बनवर खूण केलेलं सी-१४ ऑर्निथिन द्यायचं आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड अल्कलीत भिजवलेल्या फिल्टर पेपरवर पकडायचा. यासाठी तुमच्या संस्थेकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतो, नसेल तर साधं ऑर्निथिन देऊन तयार झालेलं पुट्रेसिन एचपीएलसीवर मोजा, थोडं कमी संवेदनशील आहे पण एका अर्थी जास्त खरं आहे, कारण ऑर्निथिन मायटोकॉन्ड्रियाच्या वाटेने जळूनही कार्बन डायऑक्साइड निघू शकतो. सी-१४ करणार असाल तर एका नळीत डीएफएमओ टाका, त्याने जेवढं बंद होतं तेवढीच खरी ओडीसी.

हाच सापळा एडीसीत दुप्पट मोठा आहे. खूण केलेलं आर्जिनिन दिलं, कार्बन डायऑक्साइड निघाला, म्हणून बुरशीत एडीसी आहे, असं लिहिलेलं मी कितीतरी प्रबंधांत वाचलंय. अहो, आर्जिनेज त्या आर्जिनिनचं ऑर्निथिन करतं आणि ओडीसी त्यातून कार्बन डायऑक्साइड काढतं, तुम्ही मोजलं ते ओडीसीच! डीएफएमओ टाकलेली नळी लावा, आणि अ‍ॅग्मटिन खरंच तयार होतंय का ते दाखवा. अ‍ॅग्मटिन नाही तर एडीसीचा दावा नाही.

आकडे वाचायचे कसे

डीएफएमओ नीट लागला असेल तर पुट्रेसिन सगळ्यात आधी पडतं, स्पर्मिडिन मागाहून आणि कमी, आणि सॅमडीसी बहुधा वाढते कारण पेशी उरलेल्या पुट्रेसिनमधून जमेल तेवढं स्पर्मिडिन बनवायला धडपडते. एमजीबीजी किंवा सायक्लोहेक्झिलअमिन लागला तर उलट, पुट्रेसिन साठतं आणि स्पर्मिडिन पडतं. हा नमुना दिसला आणि पुट्रेसिन-स्पर्मिडिन देऊन वाढ परत आली, दोन्ही एकत्र, तरच कथा पूर्ण.

वाढ कमी झाली पण पॉलिअमिन तसेच असतील तर दोन शक्यता. एक, औषध दुसरीकडेच कुठेतरी लागलंय. दोन, व्हॅक्युओलमधला साठा तुमच्या एकूण आकड्यात मिसळलाय, आणि पेशीरसात जिथे गरज आहे तिथे खरोखर तुटवडा आहे. दुसरी शक्यता तपासायला वेळेनुसार नमुने घ्या, पाचव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशी, साठा उतरत जाताना दिसतो. उलट पॉलिअमिन पडले पण वाढ तशीच राहिली, असंही होतं. म्हणजे बुरशीकडे गरजेपेक्षा जास्त होते, एवढंच. तो सुद्धा निकाल आहे, लपवू नका.

आकडेवारीसाठी अ‍ॅनोव्हा, मग कंट्रोलशी तुलना करायला डनेटची चाचणी. प्रत्येक जोडीची टी-टेस्ट करत बसायचं नाही.

रोपावर जायचं असेल तर

प्लेटवरचं सगळं जमल्यावरच. निलगिरीचं रोप आणि पिसोलिथस, पारदर्शक पिशवीत टिपकागदाच्या आधारे मुळं वाढवायची, म्हणजे न उपटता दिसतात. मात्रा प्लेटवर वाढ जेमतेम कमी करणारी घ्या, मारणारी नाही. चार गट लागतात: नुसतं रोप, रोप आणि औषध, रोप आणि बुरशी, तिन्ही एकत्र. दुसरा गट विसरलात तर मुळांची टोकं कमी का झाली ते सांगता येणार नाही, कारण रोपाकडे एडीसीची वाट असली तरी ओडीसीही असते आणि कोवळ्या मुळाला तिचाही उपयोग असतो. मुळांची एकूण टोकं आणि त्यातली बुरशीचं आवरण चढलेली टोकं, दोन्ही मोजा, नुसती टक्केवारी देऊ नका. आणि प्रत्येक पिशवीच्या पाण्याचा पीएच दर आठवड्याला तपासून वहीत लिहा, तारखेसकट.